दम आणि निःश्वास

दमेकऱ्याची रात्र लवकर सरत नाही. पाठीशी उशा रचून, गुडघ्यांवर कोपरे टेकून बसलेला तो माणूस हवा ओढून घेण्यासाठी धडपडतो आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः त्याची खरी अडचण हवा बाहेर टाकण्याची असते. आकुंचित श्वासनलिकांतून ती कशीबशी आत शिरते; परतताना अडकते. भरलेल्या फुप्फुसांत तो आणखी भर घालू पाहतो. ‘मोठा श्वास घे’ हा उशाशी बसलेल्या पत्नीचा सल्ला मायेचा खरा, पण नेमका उफराटा.

मराठी भाषेला हे मर्म ठाऊक असावे. तिच्यात दम लागतो, तुटतो, आणि धरताही येतो. संकट टळले की मात्र माणूस निःश्वास टाकतो.

शरीराचा हिशेबही तसाच आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने ती मंदावते. म्हणून चार सेकंद पूरक आणि सहा सेकंद रेचक, असे मिनिटाला ६ श्वास झाले की मन निवू लागते. यात प्राणवायूचा साठा वाढतो, हा समज मात्र भाबडा. प्रत्येक श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासमार्गातच राहते. ५०० मिलिलिटरचे १५ श्वास घेतले काय किंवा १००० मिलिलिटरचे ६ घेतले काय, वायुकोशांपर्यंत मिनिटाला पाच लिटरांहून थोडी अधिक हवा पोचते, इतकेच.

लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधामाची स्थापना करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी योगक्रियांना क्ष-किरणांसमोर आणि दाबमापकांपुढे उभे केले. प्राणायामाचे मोल त्यांनी वाढीव प्राणवायूत मानले नाही. मज्जासंस्थेवर होणाऱ्या संस्कारात मानले. परंपरेचा अभिमानी माणूस परंपरेच्या नावावर खपणारा एक सोयीस्कर समज स्वतःच बाजूला सारतो, हे विरळाच.

दमेकऱ्याला यातले काही वाचायला उसंत नाही. औषधाचा पंप त्याने आधी घेतला आहे; त्याला पर्याय नाही, हे तो अनुभवाने शिकला आहे. आता तो ओठांचा चंबू करतो आणि बशीतला चहा निववावा तशी मंद, लांब फुंकर घालतो. पुन्हा एकदा. पत्नीही आता सल्ला देत नाही. नकळत तीही त्याच्याबरोबर श्वास सोडते आहे.