हाताला जे उमगतं

कानस कशी धरायची ते शिकवता येतं, पण ती कशी मारायची ते हाताला आपलं आपणच उमगावं लागतं, असं आमच्या पिंपरी-चिंचवडचे जुने फिटर सांगतात. आयटीआयच्या पहिल्या महिन्यांत व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळून पोरं दिवसदिवस घासत उभी असतात. पुढे जाताना जोर डाव्या हातावरून हळूहळू उजव्यावर यायला हवा. तो आला नाही तर कडा झिजतात आणि मधे उंचवटा राहतो. मग तुकड्यावर ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा कानस. कधीतरी एके दिवशी फट दिसत नाही. काय बदललं, ते पोराला सांगता येत नाही.

त्याला ते का सांगता येत नाही, याचं उत्तर मानसशास्त्राला एका दुःखद घटनेतून मिळालं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर फिट्स थांबवण्यासाठी शस्त्रक्रिया झाली. हिप्पोकॅम्पसचा बराच भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला आणि नवी आठवण साठवणं त्याला जवळजवळ अशक्य झालं. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. आपण हे आधी केलंय हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागे, तरी त्याचा हात दिवसागणिक सफाईने चालू लागला. घटनांची आठवण एकीकडे साठते आणि कसबाची दुसरीकडे, हे त्यातून कळलं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सकाळची गोळी घेतली की नाही हे काकूंना विचारावं लागतं. त्याच काकांनी मध्यंतरी दाराची बसत नसलेली कडी थोडं घासून, बोट फिरवून नेमकी बसवली. काम झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मला त्या सफाईइतकंच महत्त्वाचं वाटतं. खंडेनवमीला त्यांच्या घरी देवापुढे एक मुठीची कानस असते. नोकरी संपून किती वर्षं झाली! तिला हळदकुंकू वाहताना ते जसे ताठ बसतात, तसे एरवी बसत नाहीत.

माणूस मनापासून काम का करतो, यावर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी तीन गरजा सांगितल्या: थोडी मोकळीक, आपली माणसं, आणि ‘मला हे जमतं’ ही जाणीव. पगाराशिवाय घर चालत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. पण तिसरी गरज विकत देता येत नाही. आधी हाताला काम उमगतं, मग हुरूप येतो. या क्रमाला वेळ लागतो, आणि चाकणच्या कारखान्यांमध्ये नेमका तोच दिला जात नाही.

महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनुसार हंगामी नसलेल्या आस्थापनेत तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत एकूण २४० दिवसांची अखंड सेवा भरली, की कायमपणाचा हक्क सांगता येत आला आहे. म्हणून सात महिने होत आले की ‘ब्रेक’ येतो, म्हणजे कामावरून कमी केलं जातं. महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या खोल्यांतून राहणाऱ्या मराठवाड्या-विदर्भातल्या पोरांना ही तारीख रुजू होतानाच ठाऊक असते. लातूरकडचा एक मुलगा मला सांगत होता, की टॉर्क रेंचचा ‘टक्’ आवाज होण्याआधीच त्याच्या मनगटाला बोल्ट आवळल्याचं कळू लागलं होतं. हे सांगताना त्याचं मनगट हवेतच वळलं. सहावा महिना होता. पुढच्या महिन्यात गेट पास जमा.

मला याचा राग येतो. आर्थिक अन्याय तर आहेच, आणि त्यावर युनियनवाले बोलतात. पण विशीतल्या मुलाला आपण कशात तरी तरबेज होतोय असं पहिल्यांदा वाटू लागावं, आणि तेवढ्यातच त्याला उठवावं, ही इजा कोणत्याही पगारपत्रकावर दिसत नाही. दोन-तीनदा असं झालं की तो हात लावणं सोडत नाही, जीव लावणं सोडतो. मग वरिष्ठ म्हणतात, आजकालच्या पोरांना कामाची आवड नाही.

तो मुलगा आता दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला आहे, खोक्यांना चिकटपट्टी लावतो. त्याच्या जुन्या स्टेशनवर नवा मुलगा आलाय. त्याला शिकवतोय तो पाच महिन्यांपूर्वी लागलेला.