हजार रुपयांचा रोगी

आमच्या पुणतांब्यात आजारी पडणं जरा कमीपणाचंच. साहजिक आहे. ज्या गावात चांगदेव महाराजांची समाधी आहे आणि ते महाराज योगबळावर चौदाशे वर्षं जगले असं सांगतात, तिथं पन्नाशीत गुडघे दुखतात हे कुठल्या तोंडानं बोलायचं? माझे आजोबा तापानं फणफणले तरी "मला काय धाड भरलीय?" म्हणत गोदावरीवर आंघोळीला जायचे. दुखणं अंगावर काढणं हा आमचा कुलाचारच म्हणा ना!

अशा घरात मला १९७६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, रोगी शोधायचा नाद लागला. कारण शुद्ध आर्थिक. देवीचा रोगी कळवणाऱ्याला सरकार हजार रुपये देणार, असं तेव्हा गावोगावच्या भिंतींवर रंगवलेलं असे. पाच पैशांना लिमलेटची एक गोळी, या दरानं मी वीस हजार गोळ्यांचा हिशेब मांडून ठेवला होता. सरकारचा कावा मात्र मला ठाऊक नव्हता. भारतातला शेवटचा देवीचा रोगी १९७५ च्या मे महिन्यातच सापडून गेला होता. माल संपल्यावर भाव वाढवायचा, याला म्हणतात काटकसर! (एखादाही रोगी लपून राहू नये म्हणून ते बक्षीस होतं, हे मला फार पुढं समजलं.)

देवीच्या शोधात फिरणारे कर्मचारी फोड आलेल्या मुलाचं चित्र दाखवून मुद्दाम शाळकरी पोरांना विचारत. मोठी माणसं झाकतात, पोरं सांगून टाकतात, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. बांगलादेशातल्या भोला बेटावर ऑक्टोबर १९७५ मध्ये रहिमा बानू या चिमुरडीला देवी आल्याचं कळवलं ते बिल्किसुन्निसा नावाच्या ८ वर्षांच्या मुलीनं. तिला २५० टका मिळाले. देवीच्या जास्त घातक प्रकाराची आपोआप लागण झालेली जगातली ती शेवटची रोगी ठरली.

आमचं नशीब कुठलं एवढं? शेजारी पाहुणा आलेल्या पोराच्या अंगावर मला फोड दिसले आणि मी धावत जाऊन सायकलवरच्या आरोग्यसेवकाला गाठलं. तो भला माणूस. येऊन पाहिलं आणि म्हणाला, "बाळ, ह्या कांजिण्या. देवीचे फोड तोंडावर नि हातापायांवर जास्त असतात, हे पोटापाठीवर आहेत. पण सांगितलंस ते बरं केलंस." तो सायकलवर टांग टाकून गेला आणि शेजारच्या काकू आमच्या ओट्यावर आल्या. "तुमच्या पोरानं आमच्या दारात सरकार आणलं!" आईनं मला दोन धपाटे घातले. "लोकांच्या घरातलं सांगायला तू कोण टिकोजीराव?"

हा धडा मात्र मी एका दिवसात पाठ केला. शाळेतला एकही इतका पक्का झाला नाही.

आमच्यात एक गोट्यांचा बहाद्दर होता. नाव नको, दोस्ती अजून आहे. त्याच्या उजव्या कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता आणि त्यात बाभळीचा काटा टोचला तरी तो हसत असे. नदीकाठी आम्ही त्याचे खेळ लावायचो, तिकीट एक गोटी. पुढं त्याचा नेम चुकायला लागला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ होईना. आम्हाला आनंदच झाला, कारण हरलेल्या गोट्या परत यायला लागल्या. घरी कुणी बोललं नाही. मी तर नाहीच नाही.

पुढच्या वर्षी शाळेत कुष्ठरोग तपासणीचे कर्मचारी आले. त्याला डोळे मिटायला लावून त्यांनी चट्ट्यावर कापूस टेकवला, कुठं टेकवला ते विचारलं. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. हसत होता. आम्हीही हसलो. ते कर्मचारी तेवढे हसले नाहीत.

डॅप्सोनच्या गोळ्या त्यानं वर्षानुवर्षं घेतल्या. रोग गेला, बोटं वाकडी ती वाकडीच राहिली. आता सहा महिने ते वर्षभराचं औषध फुकट मिळतं आणि वेळेवर कळलं तर बोटं वाकत नाहीत.

गेल्या महिन्यात तो घरी आला होता. चहाची बशी त्यानं नेहमीसारखी डाव्या हातानं उचलली. माझी सहा वर्षांची नात टक लावून बघत होती. "काका, तुमची बोटं अशी का?" तो खो खो हसला. "तुझ्या आजोबांनी कुणाला सांगितलं नाही म्हणून!"

मला हसता आलं नाही. चहा तेवढा गार झाला.

नातीला शाळेत बाईंनी शिकवलंय, कुणाला बरं नसलं तर मोठ्यांना सांगायचं. दुसऱ्या दिवशी नदीवरून घाट चढताना मी तीनदा थांबलो. "आजोबा, तुम्ही छातीवर हात का ठेवता?" म्हटलं, शर्टाचं बटण बघतोय. मग तिला गोळ्यांची लाच दिली. तिनं ती दोन्ही हातांनी स्वीकारली आणि घरी जाऊन गोळी चघळत चघळतच आईला सगळं सांगितलं.

सूनबाईंनी एक शब्द न बोलता रिक्षा बोलावली.

डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?"

"कालपासून," मी म्हणालो.

"नाही हो," मागून आवाज आला, "दिवाळीपासून."