काटा आणि टेप



खामगावात सगळे मला 'काडी' म्हणतात. वजन 51 किलो. आईचा मधुमेह मला गाठणार नाही, असं मी धरूनच चालले होते. यंदा अठ्ठाईच्या पारण्यानंतर महिन्याभराने तपासणी केली, तर साखर काठावर! डॉक्टरीणबाईंनी टेप लावला. कंबर 86 सेंटिमीटर. आपल्या बायकांची मर्यादा 80.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. पण अंगातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1! काट्याला हे दिसत नाही.

मग आठवलं, आठ दिवस उपवास आणि वर्षभर दुपारी चहासोबत फरसाण. आता उणोदरी रोजची. ताटात मुगाची डाळ जास्त, सूर्यास्ताआधी जेवले की शतपावली. दर पौर्णिमेला टेप लावते. दोन महिन्यांत 84 वर आले.

तप कर्मनिर्जरेसाठी असतं, ते टेपने मोजायचं नाही. टेप फरसाणाच्या डब्यासाठी.