वर्गणी आपली, हिशोबही आपणच मागायचा

डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या माणसाला युनियनबद्दल काही ना काही मत असतंच. तुम्ही माझ्यासारखे ऑफिसात बसणारे इंजिनियर असलात, तरी शेजारीपाजारी कुणीतरी गाड्यांच्या कारखान्यात लाइनवर असतं. माझं मत तर मी येतानाच लालबागहून बरोबर आणलं होतं. माझे काका गिरणीत साचाखात्यात होते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे तुम्हाला ठाऊक असेल. काकांचा राग मालकांवर होता, तेवढाच मान्यताप्राप्त युनियनवरही होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार त्या एकाच युनियनला दिला होता. मान्यता सभासदसंख्येच्या नोंदींवर ठरायची, गुप्त मतदानाची सोय नव्हती. चिडलेले कामगार मग डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. पुढे काय झालं ते सांगायला नको. काका म्हणायचे, "आम्हाला पुढारी बदलता आला, युनियन नाही बदलता आली."

हे सगळं इथे आठवायला कारण घडलं. युनायटेड ऑटो वर्कर्स ही इथली मोठी, 1935 साली स्थापन झालेली युनियन. तिचे दोन माजी अध्यक्ष, गॅरी जोन्स आणि डेनिस विल्यम्स, यांना 2021 मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली, एकाला 28 महिने आणि दुसऱ्याला 21. सभासदांच्या पैशांतून पाम स्प्रिंग्जचे बंगले, गोल्फ, महागडी दारू आणि सिगार, असा तो सगळा प्रकार होता. सभासदाची वर्गणी साधारण महिन्याला अडीच तासांचा पगार. लाइनवर आयुष्य काढलेला माझा शेजारी म्हणाला, "माझे अडीच तास कुणीतरी सिगारमध्ये ओढले."

त्या वर्षांत मिशिगनच्या कायद्यानुसार वर्गणी न भरताही नोकरी टिकत होती. युनियन सोडणं सोपं होतं, आणि मी त्याला तसं विचारलंही. त्याचं उत्तर मला पटलं. "सोडलं तर मतही गेलं. मग त्यांना जाब कोण विचारणार?"

आणि मताची संधी आलीच. न्यायालयाच्या मंजुरीने युनियनवर सहा वर्षांसाठी बाहेरचा मॉनिटर नेमला गेला. तोवर अध्यक्ष अधिवेशनातले प्रतिनिधी निवडत, आणि सत्ता 70 वर्षांहून अधिक काळ एकाच गटाकडे होती. 2021 च्या सार्वमतात जवळपास 64 टक्के मतं थेट निवडणुकीच्या बाजूने पडली. 2023 मध्ये शॉन फेन अवघ्या 483 मतांनी अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या संपानंतर तिन्ही मोठ्या कंपन्यांशी 25 टक्के पगारवाढीचे करार झाले.

गोष्ट इथेच संपवली तर छान वाटेल, पण ती पूर्ण होणार नाही. त्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत दहा सभासदांपैकी जेमतेम एकाने मतपत्रिका परत पाठवली होती. आणि 2024 मध्ये मॉनिटरने नव्या अध्यक्षांचीही चौकशी सुरू केली. काहींना यात निराशा दिसली. मला उलट वाटतं. वाईट माणूस घालवून चांगला आणणं म्हणजे जाब विचारणं नव्हे. चांगला वाटणारा माणूसही ज्या प्रश्नांतून सुटत नाही, ती व्यवस्था खरी. गिरणगावात भरवसा एका माणसावरून दुसऱ्या माणसावर गेला, पण असे प्रश्न विचारण्याचा रस्ता कामगारांच्या हाती आलाच नाही.

तुम्ही नर्स असाल, शिक्षक असाल, बस चालवत असाल, तर हे रस्ते माहीत करून घ्या. अमेरिकेत 1959 च्या कायद्याप्रमाणे बहुतेक युनियनना दरवर्षी आपला जमाखर्च कामगार खात्याकडे द्यावा लागतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. पदाधिकाऱ्यांचे पगारही त्यात असतात. स्थानिक शाखेची निवडणूक निदान तीन वर्षांतून एकदा, गुप्त मतदानानेच व्हावी लागते. ब्रिटनमध्ये सरचिटणीसाला पाच वर्षांतून एकदा टपाली मतदानाला सामोरं जावं लागतं, आणि नियम मोडले तर सभासद सर्टिफिकेशन ऑफिसरकडे तक्रार करू शकतो. अमिरातीत असाल तर युनियनलाच परवानगी नाही. म्हणजे जाब विचारायला पुढारीच नाही, आणि मालकाशी बोलायलाही कुणी नाही.

आपल्या लोकांची एक सवय मी पाहिली आहे. मंडळाच्या वार्षिक सभेत हिशोब वाचायला लागले की आपण जेवणाच्या रांगेकडे सरकतो. पैसे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याला वाटतं. युनियनच्या बाबतीत हा संकोच महाग पडतो, कारण तिथे पणाला लागलेला असतो पगार, पेन्शन आणि औषधपाणी. फसवणूक उघडकीला आल्यावर चिडणारे पुष्कळ असतात. त्याआधी, सगळं बरं चाललंय असं वाटत असताना, जमाखर्चाचा कागद मागणारा एखादाच असतो. तुमच्या शाखेत तो तुम्ही व्हा. पुढारी प्रामाणिक असेल तर त्याला राग येणार नाही.