गुच्छी, करटुली आणि सासूबाईंचा प्रश्न

गुच्छी हे काळसर रानटी अळंब आमच्या बीडच्या मातीत उगवत नाही. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडातील देवदार-चिडांच्या जंगलांत, बर्फ वितळल्यानंतरच्या वसंतात, ते जमिनीतून वर येते. आकार शंकूसारखा आणि अंगावर मोहोळासारखे खळगे. आपल्या बाजारात मिळणारी गुच्छी बहुतांशी डोंगरातल्या माणसांनी रानोमाळ फिरून वेचलेली असते, म्हणून तिचा भाव किलोला हजारो रुपये असतो. बालाघाटाच्या आमच्या डोंगरावर बर्फ नाही आणि देवदारही नाहीत. सीताफळाची झुडपे आणि कुसळी गवत तेवढे आहे. तरीही आषाढात गुच्छीचा एक पुडा धारूरजवळच्या आमच्या घरी पोहोचला. माझा भाचा नोकरीनिमित्त कुल्लूला असतो. आजींची अन्नावरची वासना उडाली आहे, हे त्याला फोनवर कळले होते.

सासूबाई ८४ वर्षांच्या. न्यूमोनियातून उठल्या, पण जेवण परतले नाही. ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे त्यांना ठाऊक असेल, न विटाळलेले ताट परत आणताना पाय जड होतात. पुडा उघडला तेव्हा त्यांनी एक गुच्छी हातात घेतली, फिरवून पाहिली, हुंगली आणि विचारले, "ही वळखली कुणी?"

किंमत त्यांनी विचारली नाही, चवही विचारली नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडून परतताना बांधावरचा तरोटा, कुरडू, पाथरी, घोळ पदरात खुडून आणणाऱ्या बायकांपैकी त्या एक. घरात मिलोची लाल भाकरी आणि तोंडी लावायला हा पाला. पहिल्या पावसानंतर वारुळाजवळ उगवणारी छत्रीही त्यांनी खाल्लेली, पण ती केवळ आईने दाखवलेल्या जागेवरचीच. बाकी सगळ्या 'कुत्र्याच्या छत्र्या'. त्यामुळे तो प्रश्न मला म्हातारपणाचा संशय वाटला नाही. त्याचे उत्तर नीट शोधणे मला भाग वाटले.

पहिली गोष्ट, पुड्यातील गुच्छी अखंड होती. भुगा असता तर मी ती चुलीपाशीही नेली नसती, कारण गुच्छीसारखी दिसणारी विषारी अळंबी असतात आणि चुऱ्यात ती ओळखू येत नाहीत. खऱ्या गुच्छीला उभा छेद दिला की ती टोकापासून देठापर्यंत एकसंध पोकळ दिसते. फसव्या अळंब्याचा माथा मेंदूसारखा वळ्यांचा असतो आणि आत कप्पे किंवा कापसासारखा गाभा आढळतो. कोमट पाण्यात भिजवून मी प्रत्येक गुच्छी चिरून पाहिली. खळग्यांतून बरीच माती निघाली. ते पाणी काही खवय्ये रश्श्यात घालतात. मी फेकून दिले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. खरी गुच्छीसुद्धा कच्ची खाऊ नये. २०२३ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात कच्च्या वा अर्धकच्च्या गुच्छी खाऊन ५१ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. तिथे ओळखण्यात चूक झाली नव्हती. ती लागवडीची, खरी गुच्छी होती. चांगले शिजवल्याने धोका पुष्कळ कमी होतो, परंतु एखाद्याला तरीही बाधू शकते. म्हणून मी अर्धा तास शिजवली, पहिल्या दिवशी दोनच चमचे दिले आणि त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ दिला नाही. त्याआधी डॉक्टरांना फोन केला होता. मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्तात युरिक ॲसिड वाढलेले असेल, तर अळंबी विचारूनच द्यावीत. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर पालेभाज्यांचे प्रमाणही अचानक वाढवू नये.

चांदीचा चमचा काळा पडला तर अळंब विषारी, लसूण काळवंडली नाही तर चांगले, किड्याने खाल्ले म्हणजे माणसाला चालते, या समजुती घरोघरी ऐकू येतात. त्यांतली एकही विश्वासार्ह नाही. सर्वांत घातक अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात, मध्ये बरे वाटल्याचा भास होतो आणि तोवर यकृताला इजा होत असते. अशा वेळी उलट्या थांबल्या म्हणून घरी थांबू नये. उरलेले अळंब बरोबर घेऊन थेट मोठे रुग्णालय गाठावे.

सासूबाईंनी कुस्करलेल्या भाकरीबरोबर दोन चमचे खाल्ले. "चांगलीय," म्हणाल्या. आणि लगेच, "करटुली कधी निघतील?"

त्या प्रश्नाने मला गुच्छीपेक्षा अधिक आनंद झाला. कित्येक महिन्यांनी त्यांनी आपणहून खाण्याचे नाव काढले होते. करटुलीचा वेल जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात पुन्हा फुटतो. फळ बोराहून मोठे, हिरवे, मऊ काट्यांचे. श्रावणात नातवंडांनी त्यांना बांधापर्यंत नेले, खाटेवर बसवले आणि एकेक पाला त्यांच्यापुढे आणून धरला. धाकट्याने मोबाइलवर फोटो काढून नाव शोधले. "त्याला वास येतो का?" एवढेच त्यांनी विचारले. शेजारच्या शेतात तणनाशक मारले होते, त्या बाजूचे काहीही त्यांनी खुडू दिले नाही. हल्ली हे सांगावे लागते.

वारुळापाशी पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. थोरली नात धावत दोन घेऊन आली. सासूबाईंनी त्या डोळ्यांजवळ नेल्या, बराच वेळ उजेडाकडे धरल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही त्यांना आता बारीक दिसत नाही. मग त्या बाजूला ठेवून नातीला म्हणाल्या, "आता माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. हात धू."

संध्याकाळी करटुलीच्या काचऱ्या परतल्या. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.