डॅलसचे एकशे छप्पन्न भोंगे

आज आपण जाणार आहोत अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस शहरी. इथं समुद्र नाही, डोंगर नाही. नजर जाईल तिथवर सपाट माळरान आणि मधून वाहणारी ट्रिनिटी नदी. शहराच्या मध्यभागी १७१ मीटर उंचीचा रियुनियन टॉवर उभा आहे. त्याच्या माथ्यावर दिव्यांनी मढवलेला भला मोठा गोळा! आसपासच्या गावांत आपली मराठी कुटुंबंही बरीच आहेत, त्यामुळे रस्त्यात अचानक 'काय, कसं काय?' ऐकू आलं तर दचकू नका.

पण महिन्याच्या पहिल्या बुधवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला मात्र नवखा माणूस नक्की दचकतो. उंच खांबांवरचे भोंगे एकदम रडू लागतात. ऊं... ऊं... ऊं! मुंबईच्या गिरणगावात राहिलेल्या आजोबांना गिरणीचा भोंगा आठवेल. पण हा भोंगा कामावर बोलावणारा नाही. ही असते चाचणी. खराखुरा वाजतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच : बाहेर असाल तर ताबडतोब घरात शिरा!

कारण हा मुलूख टोर्नेडोंचा. टोर्नेडो म्हणजे ढगातून हत्तीच्या सोंडेसारखी जमिनीपर्यंत उतरलेली प्रचंड वावटळ. दक्षिणेकडच्या मेक्सिकोच्या आखातावरून गरम, दमट हवा येते, पश्चिमेकडून कोरडी आणि उत्तरेकडून थंड. त्यांची गाठ या माळरानावर पडते आणि मग आभाळात धुमश्चक्री! इथल्या बहुतेक घरांना तळघर नसतं. म्हणून भोंगा झाला की लोक बिनखिडकीच्या आतल्या खोलीत, नाहीतर न्हाणीघरात जाऊन बसतात.

आता ऐका ७ एप्रिल २०१७ च्या रात्रीची गोष्ट. शुक्रवार होता. रात्रीचे पावणेबारा वाजत आले होते. मुलं गाढ झोपलेली. इतक्यात शहरातले सगळेच्या सगळे १५६ भोंगे एकदम सुरू झाले! वादळाचं तर नावनिशाण नव्हतं. दीड मिनिट वाजायचे, थांबायचे, पुन्हा वाजायचे. असं तब्बल पंधरा वेळा! कुणाला वाटलं युद्ध पेटलं, कुणाला वाटलं बॉम्ब पडणार. तातडीच्या मदतीचा ९११ हा नंबर घणघणू लागला. त्या रात्री ४,४०० हून जास्त फोन आले. त्यात खरोखर आजारी पडलेल्या माणसांचे फोनही खोळंबले असतील, नाही का? शेवटी रात्री सव्वा वाजून गेल्यावर कामगारांनी सारी यंत्रणाच बंद केली, तेव्हा कुठे शांतता झाली.

हा उपद्व्याप कसा झाला? शहराचे अधिकारी म्हणाले, आमच्या संगणकात कुणी शिरलं नव्हतं, हे काम रेडिओलहरींनी झालं. भोंग्यांना हुकूम मिळे तो रेडिओवरून, ठरावीक सुरांच्या खुणेनं. जाणकारांनी तर्क केला, की कुणीतरी दरमहाच्या चाचणीच्या वेळी ती खूण हवेतून टिपून ठेवली असावी आणि नंतर जशीच्या तशी पुन्हा सोडली असावी. बस्स! त्या खुणेचा अर्थ कळायचीही गरज नाही. पोपटाला कुठे अर्थ कळतो? तो ऐकतो आणि बोलतो.

आपल्या गडावरचा पहारेकरी आठवा. रात्री दार ठोठावणाऱ्याला तो परवलीचा शब्द विचारायचा. समजा, हा शब्द वर्षभर एकच ठेवला तर? झुडपाआड लपलेला कुणीही तो ऐकेल आणि उद्या येऊन म्हणेल. पहारेकरी बिचारा दार उघडून मोकळा! म्हणून परवल बदलत राहायला हवी.

साध्या रिमोटचंही तसंच आहे बरं का. फाटक उघडणारे कित्येक स्वस्त रिमोट दर वेळी तोच संदेश सोडतात. आज तर असे संदेश टिपून पुन्हा सोडणारी, हातात मावणारी यंत्रं मिळतात. त्यांतलं एक म्हणजे 'फ्लिपर झीरो'. ते २०२० साली जगापुढे आलं, म्हणजे डॅलसच्या त्या रात्रीनंतर. त्याच्या पडद्यावर गोड डॉल्फिन बागडतो, पण काम पोपटाचं!

मग मोटारी कशा वाचतात? त्यांच्या किल्लीत असतो 'रोलिंग कोड', म्हणजे बदलती परवल. किल्ली आणि मोटार, दोघींजवळ एकच गुपित आणि एक मोजणी असते. बटण दाबलं की मोजणी एकानं पुढे सरकते आणि गुपिताच्या मदतीनं नवा संदेश तयार होतो. मोटारीनं एकदा ऐकलेला जुना संदेश ती पुन्हा मानत नाही. आणि किल्ली खिशात चुकून दहा-बारा वेळा दाबली गेली तर? काळजी नको. थोडी पुढे गेलेली मोजणी मोटार समजून घेते. मागे गेलेली मात्र चालत नाही.

गंमत पाहा, इतकी छोटी यंत्रं शक्य झाली तीही डॅलसमुळेच! इथल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत १२ सप्टेंबर १९५८ रोजी जॅक किल्बी यांनी जर्मेनियमच्या चिमुकल्या तुकड्यावर पहिली चिप चालवून दाखवली. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. फ्लिपर झीरोतली रेडिओची चिपही याच कंपनीची आहे. चिपला काय, चांगलं आणि वाईट सारखंच. ठरवायचं ते बटण दाबणाऱ्यानं. आपल्याच घरचा रिमोट तपासणं हा अभ्यास झाला. दुसऱ्याचं फाटक उघडणं ही चोरी.

डॅलसनंही धडा घेतला. दोन-तीन दिवसांत भोंग्यांचे हुकूम गुप्त लिपीत बांधून पाठवायची सोय केली. पण खरी काळजी वेगळीच होती. 'लांडगा आला रे आला' गोष्टीतल्यासारखे लोक उद्या खऱ्या भोंग्यालाही हसले तर?

तशी वेळ आली २० ऑक्टोबर २०१९ रोजी. रविवारी रात्री नऊच्या सुमारास शहराच्या उत्तर भागात टोर्नेडो उतरला आणि सुमारे २५ किलोमीटर घुसळत गेला. घरांची छपरं उडाली. थॉमस जेफरसन हायस्कूलची मोठी पडझड झाली. रविवारची रात्र, म्हणून शाळा रिकामी होती. पण घराघरांत माणसं होती. त्यांनी इशारे मानले, आतल्या खोल्या गाठल्या. त्या टोर्नेडोत एकाही माणसाचा जीव गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पडलेल्या भिंतींकडे पाहत मुलं आपापल्या आईबाबांचा हात धरून उभी होती. भिंती काय, पुन्हा बांधता येतात.