तळहाताएवढ्या पानावरची नांगरट

जॉन कॉन्स्टेबल म्हणजे ढग, झाडं, नदी आणि पाण्यात उभी केलेली गवताची गाडी, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. कॅलेंडरवर शोभेल असा चित्रकार. आणि मग परवा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर त्याची 1813ची खिशातली वही उघडली. अहो, काय वही आहे ती! पान जेमतेम 9 बाय 12 सेंटिमीटर, सगळं काम पेन्सिलीचं, आणि एकेका पानात दोन-दोन, तीन-तीन चित्रं दाटीवाटीनं बसवलेली.

झूम करत गेले आणि एके ठिकाणी थबकले. नांगर! पुढे घोड्यांची जोडी, मागे रुमण्यावर हात ठेवून चाललेला गडी. चार-दोन फटकाऱ्यांत घोड्यांची ओढ आणि गड्याचा भार दोन्ही कळतात. हा माणूस लांबून शेत बघणारा नाही, हे तिथंच पटलं. नसणारच म्हणा, सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्टचा हा मुलगा, बाप गिरणीवाला आणि धान्याचा व्यापारी.

चित्र लगेच औत धरलेल्या माझ्या काकांना पाठवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "दोनच जनावरं? नांगर हलका असणार." कमाल! आपल्याकडच्या काळ्या रानात लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपायचे, त्या हिशेबानं काका बोलले, आणि नेमकं बोलले. सफोकचा बिनचाकी हलका नांगर तेव्हा नावाजलेला होता. दोन घोडे आणि नांगर एकच गडी सांभाळायचा.

याच रेखाटनांतून कॉन्स्टेबलनं नांगरटीचं तैलचित्र केलं आणि ते 1814 साली रॉयल अकादमीत लागलं. त्यात झाडं पानांनी गच्च, म्हणजे ऐन उन्हाळा. गहू तर तिकडे शरदात पेरतात, मग आत्ताच औत कशाला? तर ती जमीन पड ठेवलेली आहे. उन्हाळाभर उलथीपालथी करून तण मारायचं, मग खत घालायचं, मग पेरणी.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे! 1814च्या दुसऱ्या वहीत तो स्टाऊर नदीचं खोरं आणि लांबचं डेडहॅम गाव टिपतो. त्यावरून झालेलं रंगीत चित्र आज बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. फिलाडेल्फिया गॉडफ्री या गावातल्या बड्या घरच्या मुलीला तिच्या नवऱ्यानं द्यायची ती लग्नाची भेट. आणि त्या भेटीत अगदी पुढ्यात काय असावं? उकिरडा! चांगला मोठा, गडी खणताहेत, शेजारी घोड्यांची गाडी. सासरी जाताना माहेरची आठवण म्हणून शेणखत! मला हसू आवरेना. पण या उकिरड्याची एक तयारी, छोटं तैलचित्र, त्यानं तारखेसकट ठेवलंय: 5 सप्टेंबर 1814. खत रानात नेऊन पसरायचे दिवस. म्हणजे पहिल्या वर्षीची नांगरट आणि दुसऱ्या वर्षीचं खत, ही एकाच वेळापत्रकाची दोन पानं आहेत. निवांत ग्रामीण सौंदर्य वगैरे जे आपण म्हणतो ना, ते इथं घामानं भिजलेलं आहे.

मारिया बिकनेल या आपल्या प्रेयसीला पत्र लिहिताना त्यानं 1813च्या वहीचा उल्लेख एक प्रकारची रोजनिशी असाच केला होता.

वह्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पण एकट्यानं बघू नका. घरातलं ज्यानं कधी औत धरलंय असं कुणी शेजारी बसवा आणि आधी त्यांना बोलू द्या.